चंद्राहून परतीची वाट

गेल्या कोजागरीस धारूरच्या आमच्या वाड्यांत माळवदावर बैठक बसली होती. दूध आटत होतें, मुलें चंद्रावरचा ससा शोधीत होतीं, आणि आमच्या धाकट्या पुतण्याची दहावींतील कन्या आपण मोठेपणीं चंद्रावर जाणार असल्याचें मोठ्या आवेशानें सांगत होती. सर्वांनीं कौतुक केलें. आमच्या वडील वहिनी तेवढ्या गप्प राहिल्या. मुलें खालीं गेल्यावर त्या आम्हांस म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही गणित शिकवीत होतां म्हणून विचारतें. जाण्याचें कौतुक जो तो सांगतो. परत कसें येतात, तें कोणी सांगत नाहीं. इथून निघतांना केवढा तो अग्निबाण, केवढीं माणसें त्याच्या भोंवतीं! तिथून यांना वर कोण फेंकणार?"

आम्हीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु चाळीस वर्षें खडू हातीं धरलेल्या मनुष्यास असलें निसटतें उत्तर स्वस्थ झोंप येऊं देत नाहीं. शिवाय प्रश्न विचारणारी कोण, हेंही पाहिलें पाहिजे. ज्या तालुक्यांतून दरसाल दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं बिऱ्हाडेंच्या बिऱ्हाडें बाहेर पडतात, आणि मागें म्हातारीं माणसें वाट पाहत राहतात, तेथील बायकांना परतीचा प्रश्न कोणी शिकवावा लागत नाहीं. पुढें दोन महिने जें वाचलें व पाटीवर मांडून पाहिलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आरंभीं आमच्याच एका चुकीची कबुली देणें प्राप्त आहे. वातावरण संपलें कीं पृथ्वीचें आकर्षण संपतें, आणि म्हणून अंतराळांत मनुष्य तरंगतो, असें आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत सांगत आलों. तें साफ चूक होतें. भूमीपासून चारशें किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ येथल्यापेक्षां शेंकडा अकरा-बाराच कमी असते. मग माणूस तरंगतो कां? विहिरींत पोहरा सोडतांना दोर तुटला, तर पडणाऱ्या पोहऱ्यांतील पाणी पोहऱ्याच्या बुडावर भार टाकीत नाहीं; दोघेही सारख्याच वेगानें पडत असतात. अंतराळवीराची स्थिति तीच आहे. तो व त्याचें यान अखंड पडत असतात; मात्र आडवा वेग इतका असतो कीं, यान जितकें खालीं पडतें तितकीच पृथ्वीची पाठ त्याच्याखालून वळत जाते. आमच्या किल्ल्याच्या बुरुजावरून आडवा धोंडा फेंकला तर तो खंदकापलीकडे पडेल. जोरानें फेंकला तर रानांत पडेल. आणि वाऱ्याचा अडथळा नसता, सेकंदास सुमारें ७.९ किलोमीटर वेगानें फेंकतां आला असता, तर तो पृथ्वीला वळसा घालून मागच्या बाजूनें बुरुजावर परत आला असता.

चंद्रही असाच पडतो आहे. न्यूटननें हें गणितानें पडताळून पाहिलें. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून सुमारें साठ त्रिज्या दूर आहे. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत कमी होत असेल, तर तेथें तें येथल्याच्या ३,६०० वा हिस्सा असलें पाहिजे. येथें झाडावरून सुटलेलें फळ पहिल्या सेकंदांत ४.९ मीटर पडतें. चंद्र आपली सरळ वाट सोडून सेकंदास सुमारें १.३६ मिलिमीटर, म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याहूनही कमी, पृथ्वीकडे पडतो. भागाकार जुळतो.

हें अंतर आपल्याकडील ज्योतिष्यांस अगदींच अपरिचित नव्हतें. सूर्यसिद्धान्तांत चंद्रकक्षेचा परिघ ३,२४,००० योजनें व पृथ्वीचा व्यास १,६०० योजनें धरला आहे. त्यावरून चंद्राचें अंतर साडेचौसष्ट त्रिज्या येतें. आजचें सरासरी मान सव्वासाठ त्रिज्या, म्हणजे ३,८४,४०० किलोमीटर आहे. सन ११५० त सिद्धान्तशिरोमणि रचणाऱ्या भास्कराचार्यांनीं पृथ्वीच्या ठायीं आकर्षणशक्ति असून तिच्यामुळें जड वस्तु तिच्याकडे ओढल्या जातात, असें स्पष्ट सांगितलें. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं त्यांचे नातू चांगदेव यांनीं चाळीसगांवानजीक पाटण येथें मठ काढला, त्याचा शिलालेख उपलब्ध आहे. यावरून आपले पूर्वज विमानांत बसून चंद्रावर जाऊन आले असावेत असें सुचविणारे स्नेही आम्हांस अधूनमधून भेटतात. त्यांस आम्ही इतकेंच म्हणतों कीं, घरबसल्या चंद्राचें अंतर काढणें ही थोर विद्या होती; तिला दंतकथेची झालर लावल्यानें ती अधिक थोर होत नाहीं. आकर्षण अंतराबरोबर कोणत्या हिशेबानें घटतें, हें मात्र न्यूटनपर्यंत कोणास सांगतां आलें नव्हतें, आणि चंद्रप्रवासाचा सारा हिशेब त्यावरच उभा आहे.

उदाहरणार्थ, पृथ्वी चंद्राच्या ८१ पट जड आहे. ८१ चें वर्गमूळ ९. म्हणून दोघांमधील अंतराचे दहा भाग केल्यास पृथ्वीपासून नऊ भाग व चंद्रापासून एक भाग, अशा ठिकाणीं दोघांची ओढ समान होते. हें स्थान चंद्रापासून सुमारें ३८,००० किलोमीटरांवर येतें. येथून जाणारास चढणीचे नऊ कोस व उतरणीचा एक कोस. तेथून येणारास चढणीचा एक व उतरणीचे नऊ. वहिनींच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच आहे.

आतां चढण चढावयाची कशी, तें पाहूं. अग्निबाण म्हणजे मागें वायु फेंकून पुढें सरकणारें वाहन. त्यास रस्ता लागत नाहीं, हवाही लागत नाहीं; आपल्याच पोटांतील पदार्थ वेगानें मागें टाकावयाचा आणि त्याच्या प्रतिक्रियेनें पुढें जावयाचें. अडचण अशी कीं, टाकावयाचा पदार्थ आरंभीं सगळा पाठीवर घ्यावा लागतो. आमच्या धारूरच्या घाटांत पूर्वीं कापसाच्या गाड्या चढत. कल्पना करा कीं, वाटेंत कोठेंही चारा नाहीं व बैलांचा सगळा कडबा गाडींतच भरून न्यावयाचा आहे. कडबा वाढला कीं ओझें वाढतें. ओझ्याकरितां आणखी बैल. त्या बैलांकरितां आणखी कडबा. या दुष्टचक्राचें नेमकें सूत्र सन १९०३ त एका रशियन शिक्षकानें प्रसिद्ध केलें. कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्स्की त्याचें नांव. लहानपणींच्या दुखण्यानें त्यास ऐकूं कमी येई. तो कलुगा नांवाच्या आडगांवीं गणित शिकवी. आमच्या पेशांतील मनुष्य म्हणून आम्हांस त्याच्याविषयीं अंमळ अधिक ममत्व वाटतें, तें वाचकांनीं क्षम्य मानावें.

हें सूत्र सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखें आहे. समजा, मागें फेंकलेल्या वायूचा वेग सेकंदास ३ किलोमीटर आहे. तर एक टन वस्तूस ३ किलोमीटरचा वेग देण्यास १.७ टन इंधन पुरतें. ६ किलोमीटरसाठीं दुप्पट नव्हे, ६.४ टन लागतें. ९ साठीं १९ टन. १२ साठीं ५३ टनांहून अधिक. वेग सारख्या पायऱ्यांनीं वाढवावा आणि इंधन दर पायरीस जवळजवळ तिप्पट व्हावें, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच टांकी रिकामी झाली कीं ती फेंकून देणें, हाच अग्निबाणशास्त्रांतील मोठा संसार. अमेरिकेनें १९६९ त ज्या सॅटर्न अग्निबाणावरून तिघांना पाठविलें, तो १११ मीटर उंच व सुमारें २,९०० टन वजनाचा होता. त्यांतून समुद्रावर परत उतरलें तें पांच टनांचें शंकूच्या आकाराचें एक पात्र. उरलेलें सगळें वाटेंत जाळलें गेलें, टाकलें गेलें अथवा चंद्रावर राहिलें.

पृथ्वीभोंवतीं फिरत राहण्यास सेकंदास ७.८ किलोमीटर वेग पुरतो. चंद्राकडे निघण्यास तो सुमारें १०.८ पर्यंत वाढवावा लागतो. एवढा वेग दिला कीं यंत्र बंद. पुढचे तीन दिवस यान गोफणींतून सुटलेल्या धोंड्याप्रमाणें जात असतें आणि पृथ्वीच्या ओढीनें सतत मंदावत असतें. चंद्राच्या सीमेवर पोहोंचेतों त्याचा वेग सेकंदास एक किलोमीटरच्या आसपास उरतो. मग चंद्राची ओढ त्यास पुढें नेते. तेथें यंत्र उलट दिशेनें चालवून वेग कमी केला नाहीं, तर यान वळसा घालून निघून जातें.

आतां खरी गोष्ट. चंद्रावर उतरावयाचें व तेथून निघावयाचें, तर परतीच्या प्रवासाचें इंधन, परतीचें घर, समुद्रांत उतरण्याच्या छत्र्या, हें सगळें खालीं चंद्रावर उतरवून पुनः वर कां न्यावें? चक्रवाढ व्याजानें तो भार निघतांनाच कित्येक पटींनीं वाढतो. जॉन हूबोल्ट या अभियंत्यानें आग्रहानें असें सुचविलें कीं, मोठें यान चंद्राभोंवतीं फिरत ठेवावें, दोघांनींच एका हलक्या होडींतून खालीं जावें, आणि येतांना होडीचाही खालचा अर्धा भाग तेथेंच टाकून वर यावें. तीर्थाच्या डोंगरावर चढतांना आपण बोजा पायथ्याच्या धर्मशाळेंत ठेवतों, तसाच हा विचार. परंतु तो वरिष्ठांस पटावयास फार खटपट पडली. चुकामूक झाली तर? अंतराळांत दोन यानांची गांठ तोंवर कोणी घालून पाहिली नव्हती. अखेर १९६२ त हाच मार्ग पत्करला गेला.

त्यामुळें वहिनींस आम्हीं जें उत्तर दिलें तें असें: चंद्रावरून निघतांना मोठा अग्निबाण लागत नाहीं. तेथें वस्तूचें वजन येथल्याच्या एक-षष्ठांश. वर फिरत असलेल्या यानापाशीं पोहोंचण्यास सेकंदास सुमारें १.७ किलोमीटर वेग पुरतो; पृथ्वीवर ७.८ लागतो. शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें लागते, म्हणून दर किलोमागें तेथें येथल्याच्या एकविसाव्या हिश्श्याइतकीच लागते. हवा नसल्यामुळें निमुळता आकार नको, वाऱ्याचा अडथळा नाहीं. आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन हे ज्या पेटींतून वर आले, ती निघतांना इंधनासह पांच टनांहून किंचित् कमी होती, आणि त्यांतील जवळजवळ निम्मा भार इंधनाचा होता.

"म्हणजे सोपें!" असें आमचा पुतण्या मध्येंच म्हणाला. सोपें नव्हे. त्या पेटीस वर नेणारें यंत्र एकच होतें. बदली यंत्र नव्हतें. तें पेटलें नाहीं तर वर फिरणाऱ्या कॉलिन्सला खालीं उतरून त्यांस आणण्याचा कोणताही उपाय नव्हता. म्हणून तें यंत्र होतां होईल तों साधें केलें होतें. त्यांत ठिणगी पाडावयाची नव्हती. एकमेकांस स्पर्श होतांच आपोआप पेट घेणारे दोन द्रव होते. ते पुढें ढकलण्यास पंप नव्हता, हेलियम वायूचा दाब होता. जें नाहींच तें बिघडत नाहीं, हा त्यांतील हिशेब. इतकेंही करून, तें यंत्र सज्ज करणाऱ्या विजेच्या कळीचें टोंक कोणाच्या तरी पाठीवरील बोजाचा धक्का लागून मोडलें, आणि ऑल्ड्रिननें खिशांतील लिहिण्याच्या पेनानें ती कळ आंत दाबली! दोघे परत न आले तर राष्ट्राध्यक्षांनीं काय बोलावें, तें भाषण वॉशिंग्टनला आधींच लिहून तयार होतें. तें वाचावें लागलें नाहीं. सांगावयाचें इतकेंच कीं, आमच्या वहिनींचा प्रश्न राष्ट्राध्यक्षांच्या कचेरींतही विचारला गेला होता.

त्या दिवसाची आम्हांस एक आठवण आहे. पहिलें पाऊल पडलें तेव्हां आपल्याकडे २१ जुलै १९६९ च्या सोमवारची सकाळ होती, साडेआठाला चार मिनिटें कमी. आम्ही नऊ वर्षांचे होतों. रेडिओवर बातमी आली तसे वाड्यांतील सगळे चौकांत जमले, वडिलांनीं सर्वांस साखर वांटली. ते दोघे चंद्रावरून उडाले, तें त्याच दिवशीं आपल्या घड्याळानें रात्रीं साडेअकराच्या सुमारास. त्या वेळीं आमच्या वाड्यांत कोणीही जागें नव्हतें. ऑक्टोबरांत तिघेही वीर मुंबईस येऊन गेले, तेव्हां कोठें आमच्या आजीची खात्री पटली कीं माणसें सुखरूप घरीं पोहोंचलीं.

वरच्या यानास गांठल्यावर पृथ्वीकडे निघण्यास सेकंदास आणखी सुमारें एक किलोमीटर वेग लागतो. तो द्यावयाचा चंद्राच्या पाठीमागें, जेथून पृथ्वीशीं बोलतां येत नाहीं. यंत्र पेटलें कीं नाहीं, हें खालच्यांस यान पलीकडून बाहेर आल्यावरच कळतें. डिसेंबर १९६८ त अपोलो ८ मधील तिघे प्रथम या वाटेनें आले. एप्रिल १९७० त अपोलो १३ चें प्रकरण घडलें. चंद्राकडे जातांनाच प्राणवायूची टांकी फुटली, आणि मुख्य यंत्र वापरण्याची सोय उरली नाहीं. तेव्हां यानास मागें फिरवण्याचा प्रयत्न न करतां, उतरण्याच्या होडीचें यंत्र थोडेंसें चालवून त्यांस अशा वाटेवर आणलें कीं, चंद्रानेंच आपल्या ओढीनें त्यांस पाठीमागून वळवून पृथ्वीकडे परत पाठवावें. वळसा झाल्यावर पुनः एकदां यंत्र चालवून प्रवास कांहीं तासांनीं कमी केला. तिघेही वांचले. आकर्षणाचा नियम माणसाचा वैरी नव्हे. त्याचा हिशेब ठेवणारास तो घरींही पोहोंचवतो.

मग उतरणीचे नऊ कोस. त्या उतरणीवर पृथ्वी यानास ओढीत ओढीत सेकंदास ११ किलोमीटर वेगावर आणते. थांबण्यास इंधन कोठून आणावें? तेवढें नेलें असतें तर मूळ अग्निबाण डोंगराएवढा झाला असता. म्हणून थांबवण्याचें काम हवेवर सोंपवलें आहे. या वेगानें येणाऱ्या प्रत्येक किलो वस्तूच्या अंगीं सुमारें सहा कोटि जूल शक्ति असते. स्वयंपाकघरांतील एक किलो गॅस जाळून मिळते त्याहून अधिक. साडेपांच टनांच्या यानाचा हिशेब केला तर घरगुती गॅसचीं सुमारें पांचशें भरलेलीं सिलिंडरें होतात! एवढी उष्णता कांहीं मिनिटांत, माणसें आंत असतांना, बाहेरच्या बाहेर घालवावयाची असते.

यांतील युक्ति मोठी नामी आहे. आपल्यास वाटेल, भाल्यासारखें टोंकदार यान हवेंत सुखानें शिरेल. तें जळून जाईल. १९५० नंतरच्या दशकांत हार्वे ॲलन या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, यानाचें तोंड बोथट, परातीसारखें असावें. मग त्याच्यापुढें दाबलेल्या हवेची ढाल तयार होते, आणि बहुतेक उष्णता त्या हवेबरोबर बाजूंनीं निघून जाते. उरलेली उष्णता तळावरील लेप आपण स्वतः कोळसा होऊन, झिजून घेऊन जातो. कोनही नेमका हवा: क्षितिजापासून सुमारें साडेसहा अंश. फार उभें आलें तर आंतील माणसें दाबानें चिरडतील. फार आडवें आलें तर यान हवेवरून, तळ्यावर भाकरी मारलेल्या खापरासारखें, उसळून दूर जाईल. नेमक्या कोनानेंही माणसावर आपल्या वजनाच्या सहापटींहून अधिक भार कांहीं काळ पडतो. नंतर छत्र्या उघडतात आणि समुद्र येतो.

१९६९ ते १९७२ या चार वर्षांत बारा माणसें चंद्रावर चालून अशा रीतीनें परत आलीं, व त्यांनीं ३८२ किलो दगडमाती आणली. तींतील कांहीं नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत देवेंद्र लाल व त्यांचे सहकारी यांनीं तपासले. आमच्या वाचकांस एक मौज सांगतों: ज्यास आपण ससा म्हणतों, ते चंद्रावरील काळे डाग म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचीं मैदानें, आणि तो खडक बेसॉल्ट, म्हणजे ज्या काळ्या पाषाणाचे आपले बालाघाटाचे डोंगर आहेत, त्याच जातीचा. म्हणूनच बेसॉल्टांत उल्कापातानें झालेलें बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें विवर शास्त्रज्ञांस चंद्राच्या अभ्यासाकरितां इतकें मोलाचें वाटतें.

आपल्या देशाचें म्हणाल, तर २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान-३ चा विक्रम चंद्राच्या दक्षिण भागीं उतरला. त्यास उचलणाऱ्या अग्निबाणाच्या दोन्ही बगलेंतील, प्रत्येकीं सुमारें दोनशें टन घन इंधन भरलेल्या नळकांड्यांचीं पोलादी कवचें बनवण्यांत पुणें जिल्ह्यांतील वालचंदनगरच्या कारखान्याचा हात आहे. आणि आपल्या देशांत घन इंधनाची विद्या रुजवणाऱ्यांत पुण्याचे वसंत गोवारीकर अग्रभागीं होते. विक्रमांत माणूस नव्हता, आणि त्यानें परत यावें असा बेतही नव्हता. त्या संध्याकाळीं दूरदर्शनासमोर टाळ्या वाजवतांना हें आमच्याही ध्यानांत आलें नाहीं. परंतु पुढें दोन गोष्टी घडल्या, त्यांचा गाजावाजा थोडा झाला. विक्रमास चंद्रापर्यंत नेणारा जो भाग वर फिरत राहिला होता, त्याच्यांत इंधन उरलें होतें. तें वापरून आपल्या लोकांनीं त्यास चंद्राच्या कक्षेंतून सोडवून पृथ्वीभोंवतींच्या कक्षेंत परत आणलें. आणि त्याआधीं, ३ सप्टेंबर रोजीं, विक्रमाचीं यंत्रें पुनः पेटवून त्यास उतरलेल्या जागेवरून सुमारें ४० सेंटिमीटर वर उचललें व शेजारींच परत टेकवलें. पुढेंमागें चंद्रावरून दगड आणावयाचे, माणसें आणावयाचीं, तर तेथून उडतां आलें पाहिजे, म्हणून ही चाचणी.

हें सगळें आम्हीं परवां वहिनींस पाटी घेऊन सांगितलें. चक्रवाढ व्याज त्यांस चटकन् कळलें. कोनाची गोष्ट दोनदां सांगावी लागली. शेवटीं ४० सेंटिमीटर म्हणजे किती, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं म्हटलें, "हातभर." त्यांनीं कोपरापासून बोटांपर्यंत आपला हात एकदां पाहिला, आणि नातीला हांक मारून म्हणाल्या, "अगं, हातभर उडालेत म्हणे तुझे लोक. तूं जाईपर्यंत व्हायला हवें बरें का सगळें!"